किंकाळीनंतरची हाक

कान-नाक-घशाच्या दवाखान्यात लोकांचे कान तपासणाऱ्या या गृहस्थाला पेशंट 'बटणदादा' म्हणत. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, हेडफोन चढवायचा आणि मऊ आवाजात सांगायचं, "कितीही बारीक आवाज आला तरी बटण दाबायचं बरं का." गोगलगाय आणि पोटात पाय! कारण हाच माणूस घरी आला की कपड्यांच्या कपाटात शिरून, चहूबाजूंनी गोधड्या लावून, माइकसमोर बेंबीच्या देठापासून ओरडायचा. कारखाना पिसाळल्यासारखं, यंत्रांच्या ठोक्यांवर चालणारं संगीत तो आणि त्याचा एक मित्र मिळून करत. आई म्हणायची, "ओरड बाबा. दारू पिण्यापेक्षा बरं."

पण ते ओरडणं काही केल्या जमेना. रेकॉर्ड केलेला आवाज किती फाडला, किती खाली खेचला, तरी ऐकताना वाटायचं, कुणीतरी भाजीवाल्याशी घासाघीस करतंय. मित्र म्हणाला, "खोटं वाटतं रे. जिवावर बेतल्यासारखं हवं."

एका रविवारी सकाळी हा कपाटात होता, कानांत ठोके दणाणत होते, आणि आई न्हाणीघरात घसरून पडली. पायाचं हाड मोडलं. हा घाम पुसत बाहेर आला तेव्हा ती भिंतीला टेकून निमूट बसली होती. फोन गेल्यावर त्याची थोरली बहीण, ताई, धावत आली आणि तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. "जगाचे कान तपासतोस आणि आई ओरडलेली तुला ऐकू येत नाही?" आईच मध्ये पडली. "त्याच्या कानात ते होतं गं. त्याला कसं कळणार?"

कळलं, पण काही दिवसांनी. रेकॉर्डिंग चाळताना त्याच्या स्वतःच्या दोन आरोळ्यांच्या मधोमध आईची किंकाळी निघाली. तो रडला, खोटं कशाला सांगा. पण डोळे पुसता पुसता मनात आलंच, काय आवाज आहे! त्या विचाराची लाज वाटून त्याने संगणक बंद केला, आणि लाज गिळून पुन्हा सुरू केला. किंकाळी कापून घेतली, खालच्या पट्टीत नेली, खरखरीत केली. मागची खुडबूड घालवायला गेट लावलं, म्हणजे ठरावीक पातळीखालचा बारीक आवाज आपोआप बंद. ऐकून मित्राच्या अंगावर काटा आला. "कुठून काढलास रे हा आवाज?"

"माझाच," हा म्हणाला.

गाणं इंटरनेटवर गेलं, वाहवा झाली. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून पडलेल्या आईला एका दुपारी ताईने ते मोठ्या कौतुकाने फोनवर ऐकवलं. बटणदादा दारात उभा. किंकाळी आली, तशी आईने चादरीची कड मुठीत धरली.

"ओळखलास का आवाज?" ताई हसली.

"न ओळखायला काय झालं? आपल्या बाळ्याचाच तर आहे."

ताई चहा टाकायला गेली. आई त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "त्याच्यानंतर मी तुला हाक मारली होती. ती नाही घेतलीस?"

"हाक नव्हती त्यात."

"हळूच मारली होती. म्हटलं, तुझं रेकॉर्डिंग बिघडायला नको."

तो कपाटात गेला. मूळ रेकॉर्डिंग लावलं, या वेळी गेट न लावता आवाज वाढवला. किंकाळी. मग नळाचं ठिबकणं. आणि मग, फळीवरचा डबा काढून द्यायला बोलवावं तशी आई, "बाळ्या, येतोस का रे जरा?" त्यावर लगेच त्याचंच खाकरणं आणि पुढची आरोळी.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो बाहेर आला तेव्हा ताईने चहाचा कप पुढे केला. त्याने तो घेतला नाही.

"ताई, ती किंकाळी माझी नाही."

"काय?" ताई म्हणाली. "ऐकू येईल असं बोल की."

आई नको नको म्हणून मान हलवत होती. तो मोठ्याने बोलला.