कात्रीआधीचं ‘नक्की ना?’

घरातच शिवणकाम करणाऱ्या थोरल्या जावेचा एक नियम होता. कापडाला कात्री लावण्याआधी ती गिऱ्हाइकाला तीनदा विचारायची, “नक्की ना?” गिऱ्हाईक हसायचं, वैतागायचं, पण तिसरं ‘नक्की’ कानावर पडल्याशिवाय कात्री हलायची नाही. एकदा कापलेलं परत सांधता येतं, पण सांधा दिसतो.

त्या दिवशी मात्र तिचे कान पलीकडच्या खोलीत होते. तिथे तिची लेक बबडी धाकट्या जावेला खेटून बसून इंग्रजीचा अभ्यास करत होती. धाकटीला या घरात येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं आणि बबडीच्या तोंडी उठता-बसता काकूचा जप. काकूने घातलेली वेणी सुटत नाही म्हणे, आणि काकूने सांगितलं की लगेच कळतं. आईचं इंग्रजी इंचांच्या पलीकडे गेलंच नव्हतं, मग आईला विचारतंय कोण? थोरली जळत होती. आपण जळतोय हे तिला कळत होतं, पण कळल्याने जळणं काही थांबत नव्हतं.

आज ‘शुअर’ शब्द चालला होता. बबडीने आधी आईला विचारलं, तेव्हा तिने मशीन न थांबवता ‘नक्की’ असं सांगून टाकलं. पोरगी तेवढंच घेऊन तडक काकूकडे गेली, खरं-खोटं करायला. थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

धाकटी समजावत होती, “आईने सांगितलं ते बरोबरच आहे गं. पण आपण तारीख नक्की म्हणतो, भाव नक्की म्हणतो. शुअर बहुतेक वेळा माणूस असतो. ‘आय अ‍ॅम शुअर’ म्हणजे माझ्या मनात शंका नाही. गोष्ट खरी निघेलच असं नाही हं. मी शुअर असूनही चुकू शकते.”

थोरलीच्या टेबलावर धाकटीचंच कापड पसरलेलं होतं. परवा एका शाळेत तिची शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखत होती, त्यासाठी ड्रेस हवा होता. कापड अगदी बेताचं. तिच्या मनगटाच्या वर लहानपणी भाजल्याचा मोठा डाग होता. बाही लांब ठेवावी तर उकाडा, कोपरापर्यंत ठेवावी तर डाग. जेवणानंतर सांगते, असं म्हणून गेली होती.

पलीकडे दोघी खिदळल्या. आपल्यावरच हसत असणार, थोरलीला वाटलं. तिने खडूने कोपरापाशी रेघ ओढली आणि कात्री चालवली. डाग ती विसरली नव्हती. उलट डोळ्यांसमोर तोच होता. दाखव म्हणावं आता शाळेला. दोन्ही बाह्या कापून झाल्यावर तिला घटकाभर बरंसुद्धा वाटलं.

तेवढ्यात दोघी आत आल्या. थोरलीने उरलेलं कापड बाह्यांवर ओढलं.

“ताई, बाही मनगटापर्यंतच ठेवा,” धाकटी म्हणाली. “उकडलं तर उकडू दे. लोक त्या हाताकडे बघायला लागले की मला बोलायचं सुचत नाही. आणि काय हो, तुमची लेक भारी आहे. मी घसा कोरडा केला तरी शुअर काही तिच्या डोक्यात शिरेना. शेवटी तीच म्हणाली, म्हणजे आई कापायच्या आधी गिऱ्हाइकाला जे करून घेते, ते ना? मला सात जन्मात सुचलं नसतं.”

म्हणजे हसल्या होत्या त्या यावर. थोरलीचा हात कापडावरून निघेना.

धाकटीची नजर खाली गेली. टेबलाच्या पायापाशी तिच्या कापडाचे लांबट तुकडे पडले होते.

“कापल्या का हो?” तिने हळूच विचारलं.

थोरलीच्या आधी बबडी बोलली. “छे! आई विचारल्याशिवाय कापतच नाही. आय अ‍ॅम शुअर.”

वाक्यात कुठे चूक नव्हती, उच्चारही काकूसारखाच स्वच्छ होता. थोरलीने वरचं कापड बाजूला केलं. दोन आखूड बाह्या उघड्या पडल्या.

“मी विचारलं नाही,” ती म्हणाली. “मुद्दामच.”

बबडीने बाह्यांकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. ती मागे सरकली आणि काकूचा तो डाग असलेला हात दोन्ही हातांनी झाकून उभी राहिली.