उष्टा पेला

तोंडानं मी फटकळ आहे, पण हातानं स्वच्छ. अकरा वर्षं भूपेंद्रकाकांच्या घरी धुणीभांडी करतेय, एक चमचा इकडचा तिकडे झाला नाही. आणि त्या घरात चमचे काय थोडे आहेत! गुजरीत, म्हणजे जुन्या बाजारात, काही दिसलं की काकांनी आणलंच: समया, पानदानं, चावीची घड्याळं, काचेचे पेले. पहिल्याच आठवड्यात मी एक समई चिंच लावून लखलखीत केली, तर म्हातारा रडकुंडीला आला. "मंदाबेन, जुन्या पितळेचा काळेपणा काढायचा नाही. मऊ कोरडं फडकं, बस." मी म्हटलं, आमच्या अमळनेरला अशी काळी समई ठेवली असती तर सासूनं मलाच घासलं असतं. तरी शिकले. लाकडाला मेण, काचेला कोमट पाणी, चांदी धरायची ती कापडातून.

गुजरीतच त्यांना एक भोकाभोकांचा चपटा चमचा मिळाला होता. कशाचा, ते कळेना. त्यांचा मुलगा गोपाल परदेशात हॉटेलासाठी दारू निवडायच्या कामावर होता. गेल्या उन्हाळ्यात तो आला आणि चमचा बघून हसतच सुटला. "पप्पा, हा तर ॲबसिंथचा!" कडू पाल्याची, बडीशेपेच्या वासाची ती दारू हा पठ्ठ्या बॅगेत लपवून घेऊनच आला होता. इथे गुजरातेत बंदी, आणि हा बापाला शिकवतोय: पोपटासारखी हिरवीगार दिसली तर घ्यायची नाही, त्यात रंग घातलेला असतो. चांगली असते ती फिकट, वाळत आलेल्या पानासारखी. पेल्यावर चमचा ठेवायचा, त्यावर साखरेचा खडा, वरून गार पाणी थेंब थेंब. हळूहळू दुधाळ झाली की समजायचं, माल खरा. माझा नवरा दारूपायीच गेला, म्हणून मी तिथून तरातरा निघून आले. पण पोरगा गुणाचा होता. मला मावशी म्हणायचा.

परत जाऊन वीस दिवस झाले नाहीत, तर तिकडे अपघातात गेला.

ती दारू प्यालेला त्याचा पेला एका घड्याळामागे तसाच राहून गेला होता, तो काकांनी धुऊ दिला नाही. तळाशी पांढरट चिकट थर वाळलेला, तसाच कपाटात ठेवला. "याला हात लावू नका, मंदाबेन." का ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मग अखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात त्या दिवशी पितरांच्या नावानं घागर भरतात. वर्षाच्या आत गेलेल्याची तर चुकवतच नाहीत. यांच्यात ती रीत नाही, आणि गोपालची आई कधीच वारलेली. मग त्या लेकराला पाणी कोण देणार? मला राहवेना. आणि त्याचा पेला उष्टा! उष्ट्यातलं पाणी पितरांना पोचत नाही, असं आमच्याकडे मानतात. काका कामरेजला बहिणीकडे गेले होते. मी पेला कोमट पाण्यात भिजवला, मऊ फडक्यानं पुसला, अगदी त्यांनी शिकवलं तसा. स्वयंपाकघरात घागर मांडली, शेजारी पेला भरून ठेवला, सांजोरी ठेवली, हात जोडले. खरं सांगते, फार बरं वाटलं.

काका आले आणि दारातच थांबले. "आ शुं कर्युं, मंदाबेन?"

मी सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत, खाली पाटावर बसले.

"त्या दिवशी तो म्हणाला, पप्पा, शेवटचा घोट तुमच्यासाठी ठेवलाय. मी चिडलो. म्हटलं, ही घाण माझ्यासमोर नको. तो पेला तसाच ठेवून उठला." काकांनी डोळे पुसले. "वर्षश्राद्धाला त्यात पाणी घालून तो घोट मी घेणार होतो."

माय व, काय करून बसले मी! "काका, बाटलीत आहे ना अजून? मी काढून देते." उभ्या जन्मात मी कुणाला दारूचा आग्रह केला नव्हता.

"बाटलीतली काय, कुणीही पिईल," ते म्हणाले. "त्यानं माझ्यासाठी ठेवलेली तेवढीच होती."

मग त्यांनी घागरीशेजारचा पेला उचलून नाकाशी नेला. साधं पाणी होतं. ते सगळं प्याले आणि पेला माझ्याकडे दिला.

"घ्या, धुऊन ठेवा. आता धुतला तरी चालेल."