उसनी छाती

"फोटोत तर छाती लख्ख आहे," भुलीचे डॉक्टर एक्स-रे खिडकीकडे धरून म्हणाले. "मग घशातली नळी काढली की यांचा श्वास का अडतोय? जुना काही आजार? लवकर सांगा."

"खोकला आहे, दगडाच्या धुळीचा," वहिनी म्हणाली. "पण फोटोत काही नाही म्हणालात ना तुम्ही?"

शेजारी उभ्या बारक्याने मान खाली घातली. बारका म्हणजे पेशंटचा धाकटा भाऊ, वय बेचाळीस, धंद्याने शिंपी. दुसऱ्याचं माप घेताना त्याची कधी चूक झाली नव्हती. या वेळी त्याने स्वतःचंच माप दुसऱ्याच्या नावावर दिलं होतं.

थोरला तीस वर्षं दगड कापायच्या कारखान्यात होता. खोकून खोकून त्याच्या जांघेत हर्निया उतरला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासून स्पष्ट सांगितलं होतं, "पूर्ण भूल तुम्हाला सोसायची नाही. तेवढीच जागा बधिर करू. जागे राहाल, गप्पा मारता मारता होईल." झालं. दगडाच्या ठिकऱ्या उडवणारा हा गडी सुई पाहिली की गर्भगळीत व्हायचा. "माझं पोट कापणार आणि मी गप्पा मारू? मी काय कलिंगड आहे?" असं म्हणून जो उठला तो थेट खाजगी दवाखान्यात. तिथे पूर्ण झोपवायला तयार होते, फक्त छातीचा फोटो आणा म्हणाले.

त्याच दिवशी तो बारक्याच्या दुकानात आला आणि शिलाईयंत्रापाशी दम खात बसला.

"बारक्या, फोटोला माझ्या नावाने तू उभा राहा. पाच मिनिटांचं काम."

"दादा, जिवाशी खेळ आहे हा."

"बाबा गेले तेव्हा सगळे म्हणत होते, दोघंही कामाला लागा. मी तुला त्या धुळीत पाय ठेवू दिला नाही, सुईदोरा दिला. तुझी छाती मी राखलीय. एक दिवस उसनी दे."

बारका फोटो काढायला गेला, थोरल्याचं नाव सांगितलं आणि श्वास रोखून उभा राहिला.

"डॉक्टर, तो फोटो माझा आहे," तो आता म्हणाला.

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. "सकाळी सांगायचं होतंत," ते हळू म्हणाले. "मी त्यांना झोपवलंच नसतं." वहिनी भिंतीपाशी जाऊन बसली.

खाजगी दवाखान्यात श्वासाचं यंत्र फार वेळ चालवायची सोय नव्हती. दुपारी थोरल्याला हलवलं ते त्याच सरकारी दवाखान्यात. तिथली सगळी यंत्रं दुसऱ्या पेशंटांना लावलेली. ज्यांचं ऐकलं नव्हतं त्याच डॉक्टरीणबाईंनी नळीला रबरी फुगा जोडला आणि बारक्याच्या हातात दिला.

"दाबा, सोडा. तुमच्या श्वासाबरोबर. यंत्र मोकळं होईपर्यंत थांबायचं नाही."

"कधी होईल मोकळं?"

बाईंनी ओळीने लावलेल्या खाटांकडे पाहिलं. "सांगता येत नाही."

बारका दाबत राहिला. थोरल्याची छाती वर यायची, खाली बसायची. मध्येच त्याचे डोळे उघडले आणि बारक्यावर थांबले. "दादा, चुकलो मी," बारका म्हणाला. डोळे पुन्हा मिटले. त्याला ऐकू गेलं की नाही, देव जाणे. बारक्याला हात थांबवून रडायचीसुद्धा सोय नव्हती.

तासाभराने त्याची बोटं वळायला लागली. वहिनी उठून त्याच्या बाजूला आली.

"भावजी, द्या इकडे."

"नको. मीच करतो."

"त्यांना नाही म्हणायला मलाही कधी जमलं नाही," ती म्हणाली. "द्या."

तिने त्याच्या हातावर हात ठेवला. दोन श्वास दोघांनी मिळून दिले. मग बारक्याने आपला हात अलगद काढून घेतला, आणि रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळून तिथेच उभा राहिला.