फवारलेल्या बांधावरचा टाकळा

मी टाकळा बोलतोय. कान्हे गावच्या शिवारात, बयाबाईच्या भातखाचराच्या बांधावर उभा आहे. शेतीच्या पुस्तकात मला तण म्हणतात आणि लोणावळ्याच्या मंडईत रानभाजी. माणसाच्या हातात पंप आहे की पाटी, त्यावर माझी किंमत ठरते.

माझ्या जन्माचं कुणाला कौतुक नव्हतं. आईच्या शेंगा तडकल्या, मी मातीत पडलो आणि यंदाच्या पावसाळ्यात वर आलो. ना कुणी पेरलं, ना खत घातलं. तरी अंगानं बरा भरलो. संध्याकाळी पानं मिटायची, सकाळी उघडायची, एवढाच आमचा रिवाज.

बयाबाई मात्र आम्हाला जीव लावायची. नखानं अलगद कोवळे शेंडे खुडायची, मुळाला कधी धक्का लावायची नाही. जुड्या बांधून लोणावळ्याला न्यायची. तिची भाजी निवडायला लागत नाही, असं गिऱ्हाइकं म्हणत आणि हे सांगताना तिचा चेहरा उजळायचा. पैशापेक्षा तिला त्या शब्दाचंच अप्रूप जास्त.

तिचा मुलगा अमृत आंबीच्या एका कंपनीत कामाला आहे. आठवड्याची एक सुट्टी, त्यातच शेत. पूर्वी गावातल्या बायका सावडीनं एकमेकींच्या खाचरात राबायच्या. आता त्या लोणावळ्याच्या बंगल्यांवर कामाला जातात, त्यांचंही काही चुकत नाही. मग तण काढणार कोण? म्हणून अमृत वडगावला याह्याभाईंच्या दुकानातून तणनाशकाचा डबा आणतो.

आमच्या कुळाचं नशीब मात्र कान्ह्यात ठरत नाही. माझा एक थोरला भाऊ काही वर्षं बी होऊन मातीतच दडून होता, त्याच्या कानावर पडलेली गोष्ट. एका साली हा डबा एकदम महागला. अमृत बांधावर येऊन आईला सांगत होता, याह्याभाई म्हणतात, कच्चा माल चीनहून येतो, तिथले कारखाने मंदावलेत, जहाजांची भाडी चढलीत आणि ब्राझीलपासून अमेरिकेपर्यंत सगळ्यांनाच हे औषध हवंय. त्या साली तो हात हलवत परतला आणि बांध आमच्यानं फुलून गेला. पुढं तिकडं माल उदंड झाला, गोदामं भरली, भाव कोसळला. आम्ही नकाशात कधी डोकावलो नाही, पण नकाशातल्या लोकांनी आमच्या जगण्यामरण्याचा भाव लावून टाकला होता.

यंदा डबा स्वस्त होता. श्रावणातल्या एका उघडिपीला अमृत दुपारी पंप पाठीवर घेऊन आला आणि बांधावरून फवारत गेला. बयाबाई तेव्हा लेकीकडे, सारिकाकडे गेलेली. ती दोन दिवस राहणार होती, म्हणून अमृतनं फोन करून काही सांगितलं नाही.

पण बयाबाईचं मन तिथं रमलं नाही. दुसऱ्याच दिवशी पहाटेच्या गाडीनं ती परतली आणि घरी न जाता थेट बांधावर आली. श्रावणात शहरातल्या लोकांना रानभाजी हवी असते ना! आणि आम्ही? आम्ही टवटवीत. या औषधाची रीतच अशी की ते पानातून गुपचूप मुळात उतरतं आणि पिवळेपणा दिसायला काही दिवस जातात. तिनं नेहमीसारखे शेंडे खुडले, बांधावरच ठेवलेली पाटी भरली आणि ती स्टेशनाकडे चालू लागली. मला ओरडावंसं वाटलं. तोंड कुठून आणू?

कामाला निघालेला अमृत वाटेत बांधाशी थांबला. खुडलेले देठ पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आईचा फोन लागेना. तसाच तो मोटारसायकलवरून लोणावळ्याकडे सुटला.

पुढचं मला दुपारी त्या दोघांच्या बोलण्यातून कळलं. अमृतनं मंडईत आईला गाठून सगळं सांगितलं, तेव्हा पाटी जवळपास भरलेलीच होती. एकच जुडी गेली होती, हसिनाताईंकडे. त्यांची लेक उझमा बाळंतपणासाठी माहेरी आलेली. बयाबाई अमृतला मागं टाकून धापा टाकत त्यांचा जिना चढली. भाजी शिजली होती, उझमापुढे ताट वाढलं होतं, भाकरीचा पहिला तुकडा तिनं मोडला होता.

"हसिनाताई, ती भाजी खाऊ नका. काल तिच्यावर औषध मारलंय. मला ठावं नव्हतं, पन चूक आमचीच हाय."

हसिनाताईंनी ताट उचललं, भाजी टाकून दिली. बयाबाईला पाणी दिलं, बसवलं. रागावल्या नाहीत. निघताना एवढंच म्हणाल्या, "यंदा नको आता. पुढच्या साली बघू."

मायलेकांनी बांधाच्या कोपऱ्यात खड्डा घेतला. गुरांनी तोंड लावू नये म्हणून सगळ्या जुड्या पुरल्या. अमृत मान वर करत नव्हता. पुढच्या साली बांधावर पंपच आणत न्हाई, असं पुटपुटला. बयाबाईनं हाताची माती झाडली.

"मारू नको, असं म्हणत न्हाई मी. तुजी बी हाडं हायेत. पन मारलंस की सांगत जा. त्या पोरीनं घास घेतला असता, तर मी कुनाला तोंड दावलं असतं?"

मग ती माझ्याजवळ येऊन बसली. पदर डोळ्याला लावला. मला फार वाईट वाटलं. माझ्या पानाला हात लावायला ती पुढं झाली आणि थांबली.

आज माझी पानं पिवळी पडलीत. शेंगा धरायचं राहून गेलं, त्याची खंत आहे, पण तक्रार नाही. तण म्हणून मरण येणं आमच्या कुळाला नवं नाही. पंपवाल्यांनो, मारा मला हवं तर. फक्त घरात सांगा, शेजारी सांगा, बांधावर एखादी चिंधी बांधा. मेल्यावरही काही दिवस मी हिरवाच दिसतो, आणि तेवढ्यात कुणीतरी मला प्रेमानं खुडायला येतं.