शेकाच्या पिशवीवर आलेला ठपका

मी एक जुनी, रबरी, गरम पाण्याची पिशवी आहे. माझा मूळचा लाल रंग आता विटून गेला आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या अंगावर ‘उकळते पाणी भरू नये’ असे छापले होते. या घरात ते कोणी वाचले नाही. कंबर, गुडघे, मान, ज्याचे जे दुखेल ते मी शेकले. सासूबाई म्हणत, ‘डॉक्टरपेक्षा हिचा गुण लवकर येतो.’ मी फुगून जात असे. तसे फुगणे हेच माझे काम, मित्रांनो.

घरातली सून कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना कॉलर बसवायची. तिला दिवस गेले. कंबर दुखे, म्हणून कामावरून आल्यावर ती मला पाठीशी घेऊन बसायची. तिसरा महिना लागला आणि एका सकाळी रक्तस्राव सुरू झाला. संध्याकाळी ती दवाखान्यातून परतली, तेव्हा पोटात बाळ नव्हते.

सासूबाईंनी मला खुंटीवरून काढले. ‘या पिशवीनेच घात केला,’ म्हणाल्या आणि मला स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यावर टाकले.

सून म्हणाली, ‘पण शेक मीच घेतला ना.’

तिसऱ्या दिवशी नणंद आली. ती नर्स होती.

‘वहिनी, शेकाने गर्भ पडत नाही. मशीन चालवल्याने नाही, जिना चढल्यानेही नाही. बहुतेक वेळा गर्भ घडतानाच काहीतरी चुकतं आणि तो वाढत नाही. कितीतरी जणींचं होतं असं. कोणी बोलत नाही, एवढंच.’

‘मग मी काय करायला हवं होतं?’

‘काहीच नाही. तू काहीही केलं असतंस, तरी हे थांबलं नसतं.’

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी वर पाहून विचारले, ‘जिन्यानेही नाही?’

‘नाही, आई.’

‘तुझ्या आधी माझं एक गेलं होतं. घर बदलताना ट्रंक घेऊन जिना चढले होते मी. तुझी आजी मरेपर्यंत ते बोलून दाखवायची.’ पुढची जुडी सोडत त्या म्हणाल्या, ‘चौतीस वर्षं मीही तेच धरून बसले.’

लेकीलाही हे ठाऊक नव्हते. सून उठली आणि सासूबाईंशेजारी भाजी निवडायला बसली. दोघी रडल्या की नाही, ते मला डब्यावरून दिसले नाही. भाजी निवडून झाल्यावर सासूबाईंनी मला उचलून धुतले आणि पुन्हा खुंटीला अडकवले.

पुढच्या वर्षी समोरच्या घरातल्या मुलीचे असेच झाले. सासूबाई जेवणाचा डबा आणि मला घेऊन तिच्याकडे गेल्या. दारात एक शेजारीण कुजबुजली, ‘कशाने झालं असेल हो?’

‘कशानेही नाही,’ सासूबाई म्हणाल्या. ‘सरका जरा, तिला जेवायला घालायचंय.’

मित्रांनो, मी रबराची, मी ठपका सोसला. माणसावर तो ठेवण्याआधी एवढे तरी विचारा, ती जेवली आहे का.