टेकू

तोंडाची मी फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. ताई माझ्या अगदी उलट. माझ्याहून मोठी, मितभाषी, कामाला वाघ. तिचा नवरा गेल्यापासून मी तिच्याकडेच राहते आणि आम्ही दोघी घरात केक करून विकतो. मजल्यांचे केक. लग्नाचे, पन्नाशीचे, कुणाच्या नव्या दुकानाचे. केक भाजायचा, साखरेचा फॉन्डंट मळून, लाटून त्याच्यावर चादरीसारखा चढवायचा, मजल्यावर मजला ठेवायचा, हे सगळं ताईचं काम. साखरेची फुलं करायची आणि गिऱ्हाइकांशी भांडायचं, हे माझं.

मजल्यावर मजला ठेवायचा म्हणजे खालच्या केकच्या पोटात लाकडी काड्या उभ्या घालाव्या लागतात. नाहीतर वरचं वजन खालच्याला चेपतं आणि सगळं बसतं. दुकानदार त्या काड्यांना काहीतरी इंग्रजी नावाने विकतो. आमच्या घरात ते टेकू. वरचा मजला उचलायच्या आधी मी विचारणार, "टेकू?" आणि ताई म्हणणार, "दिले." तिने दिले म्हटल्याशिवाय मी मजला ठेवत नाही. एकदा मी मजला उचलला आणि तिला शिंका सुरू झाल्या, तर बाई शिंकायची थांबेपर्यंत मी तो जड मजला हातात धरून तशीच उभी होते. वर ती मलाच हसली.

ताईची मुलगी ढमी याच स्वयंपाकघरात ओट्याखाली खेळत वाढली. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून ढमी. आता काडी झालीये, पण नाव काही सुटलं नाही. सायकल शिकताना ती पुढे बघून ओरडायची, "आई, टेकू?" आणि ताई मागून धापा टाकत म्हणायची, "दिले, दिले!" म्हणायची तेव्हा सीट केव्हाच सोडलेली असायची. पण दिले ऐकलं की ढमी मागे वळून बघायची नाही. अशीच शिकली ती सायकल.

तर त्या ढमीचं लग्न झालं. कचेरीत सह्या झाल्या होत्या, आता उरली होती पार्टी, आणि पार्टीच्या दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याबरोबर परदेशी जाणार होती. लांब. तिथे तिला नोकरी लागली होती, जिच्यासाठी तिने जिवाचं रान केलं होतं. केक अर्थातच ताई करणार होती.

आणि ताई विसरायला लागली होती. चष्मा कुठे ठेवला, असलं विसरणं नव्हे. ते तर मीही विसरते. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं की हे वाढत जाणार, औषधाने फार तर सावकाश वाढेल. ताईने सगळं ऐकून घेतलं, बाईंना थँक्यू म्हणाली आणि जिन्यात माझा दंड धरला.

"ढमीला कळता कामा नये. कळलं तर ती जायची नाही."

"नाही गेली तर नाही गेली! आई आहेस तू तिची."

"म्हणूनच. तिचा केक मी करणार आणि ती जाणार. नंतर काय व्हायचं ते होऊ दे. शपथ घे."

मी घेतली नाही. तिने माझा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि स्वतःच घेतली माझ्या वतीने. असली बाई आहे.

पार्टीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही कामाला लागलो. पंखा बंद, खिडक्या बंद, जेवायचं टेबल रिकामं करून पुसलेलं. तिन्ही केक भाजून, क्रीम लावून तयार होते. ताईने फॉन्डंट लाटायला घेतला आणि माझा जीव जरा भांड्यात पडला. हात काही विसरले नव्हते. लाटणं फिरतंय, मधूनच ती बोटाने जाडी बघतेय, पिठीसाखर भुरभुरतेय. लाटण्यावर गुंडाळून उचलला, केकवर सोडला, कडेने तळव्याने असा बसवला की एक चुणी नाही. तिन्ही मजले पांढरेशुभ्र, गुळगुळीत. मी म्हणाले, "ताई, जावयाच्या टकलापेक्षा गुळगुळीत झालाय." ती हसली. मला वाटलं, डॉक्टरीणबाईंना काही कळत नाही.

मग मी खिडकीपाशी पाठ करून फुलं जोडत बसले. मागे काड्या कापायची कात्री कट्‌कट् वाजत होती. टेकू असे देतात: काडी आधी केकमध्ये खालपर्यंत खुपसायची, वरच्या कडेला पेन्सिलने खूण करायची, बाहेर काढायची, खुणेवर कापायची, पुसायची आणि त्याच भोकात परत घालायची. ताईने हे इतक्या वेळा केलंय की झोपेतही करेल.

"चल गं भवाने, उचल," ती म्हणाली.

मी हात धुतले. मधला मजला उचलला. खालच्या केकवर नजर टाकली तर काड्या घातल्याची भोकं दिसत होती, मधोमध चिकटवायला क्रीमचा ठिपकाही होता.

"टेकू?"

"दिले."

ठेवला. मग वरचा.

"टेकू?"

"दिले गं, दिले."

ठेवला. दोघींनी मागे सरून बघितलं. ताईने पदराला हात पुसावेत तसे ते ॲप्रनला पुसले आणि तिचे डोळे भरून आले. "झाला बाई पोरीचा केक," ती म्हणाली. मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण आमच्यात ती पद्धत नाही. मी म्हटलं चहा टाकते.

चहा उकळला, आम्ही प्यायलो. कप ठेवायला वळले तर खालच्या मजल्याला पोट सुटलेलं. आधी वाटलं, माझे डोळे. वाकून बघितलं. कडेने फॉन्डंट फुगला होता, त्यावर बारीक भेग पडत होती, आणि मधला मजला एका बाजूने खाली गेला होता. माझी पाचावर धारण बसली.

"ताई, टेकू दिलेस ना?"

"दिले की."

"कुठे दिलेस? हे बघ बसतंय सगळं!"

मी टेबल बघितलं, ओटा बघितला, कचऱ्याचा डबा उपसला. काड्या सापडल्या त्या चमचे ठेवायच्या उभ्या डब्यात. सगळ्या. मापाने कापलेल्या, पेन्सिलच्या खुणेवर अगदी सरळ, धुऊन, पुसून, चमच्यांच्या शेजारी नीट उभ्या केलेल्या.

माझं डोकं फिरलं. आजार बिजार काही आठवलं नाही मला त्या क्षणी. काड्यांची मूठ मी तिच्या नाकासमोर नाचवली. "हे काय आहे? हे काय आहे मग? दिले म्हणालीस ना? तोंड वर करून दोनदा म्हणालीस!"

ताईने माझ्या हातातली एक काडी घेतली. उलटी केली, सुलटी केली. अंगठ्याने कापलेलं टोक चाचपून पाहिलं.

"कसल्या गं या?" तिने विचारलं.

थट्टा करत नव्हती. अगदी साधेपणाने विचारत होती, शेजारणीच्या घरातली एखादी वस्तू दिसल्यावर विचारावं तसं. मी खुर्ची ओढली आणि बसले. मी तिच्यावर ओरडले होते, आणि ती बिचारी खरंच बोलत होती. दिले होते तिने. खूण करायला एकदा घातले होतेच. परत घालायचे असतात, तेवढं डोक्यातून पुसलं गेलं होतं.

तेवढ्यात दाराला किल्ली लागली. ढमी ड्रेस घेऊन शिंप्याकडून आली होती. आत आली, केककडे बघितलं, माझ्या मुठीकडे बघितलं. या घरातली पोर ती, तिला काय सांगायला लागतंय?

"अगं बाई! टेकू नाही दिले?"

ताई तिच्याकडे बघत होती. हातात ती काडी. तिच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. काहीतरी चुकलंय आणि ते आपलंच आहे, पण काय ते कळत नाहीये, अशी.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "मी विसरले."

"मावशी! कमाल करतेस!"

"केली. आता बोलत काय उभी राहिलीस, हात धू आणि ये!"

ताईच्या जिवात जीव आला. "हिचं हे असंच," ती ढमीला म्हणाली. "लक्ष कुठे असतं कोण जाणे. सगळी मदार माझ्यावर." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आयुष्यात कधी कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं मी, हे पहिल्यांदाच.

पसरट सुरी सारून आम्ही वरचा मजला सोडवला, मग मधला. खालच्याचा वरचा थर फाटून सुरीबरोबर आला. ढमीने धरलं, मी काड्या घातल्या, भेगा क्रीमने बुजवल्या. सुटलेल्या पोटावर रुंद रिबीन बांधली, फाटलं होतं तिथे फुलांचा घोस डकवला. पुढच्या बाजूला म्हणून केलेली सगळी फुलं ठिगळं लावण्यात संपली. ताई शेजारी उभी राहून सांगत होती, हे इथे लाव, ते तिथे लाव, आणि बरोबर सांगत होती. मजला परत ठेवताना ढमीने विचारलं, "टेकू?" आणि माझ्याआधी ताई म्हणाली, "दिले." ढमीने तिच्याकडे बघितलं, मग वाकून एकेका भोकावर बोट ठेवून पाहिलं. याआधी या घरात कधी कुणी बोट ठेवून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये केक उभा होता. डावीकडे किंचित कललेला, पण उभा. मी त्याच्यामागे पहारेकऱ्यासारखी उभी, कारण लोकांची पोरं बोटं लावतात आणि आया कौतुकाने बघतात. ताई समोरच्या खुर्चीत ठेवणीतले कपडे घालून बसली होती, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "टेकूच विसरली होती आमची छोटी बहीण. मग मी दिले." लोक हसत होते. जावयाच्या आईला तिने हे सांगितलं. त्या बाई पाणी पिऊन आल्या तर पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा त्या बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी रिबीन नीट करायला वाकले.

वर बघितलं तर ढमी शेजारी उभी. नवा ड्रेस, हातात केक कापायची सुरी.

"मावशी, काल तू टेकू विसरलीस?"

"विसरले म्हटलं ना. वय झालं."

"तू कधी घालतेस टेकू? तू फुलं करतेस."

झालं! एवढं शिताफीने खोटं बोलले आणि हे डोक्यात आलंच नाही. जे काम माझं नव्हतंच, ते मी विसरणार कशी? पोर ओट्याखाली वाढलेली. कोण काय करतं हे तिला माझ्याहून पक्कं माहीत.

"डॉक्टरकडे गेला होता?"

मी मान हलवली.

"बरं होणारं आहे?"

मी पुन्हा मान हलवली, यावेळी आडवी. तिने ओठ घट्ट मिटले. लोक बघत होते म्हणून चेहरा हसरा ठेवला होता तिने, आणि तो हसरा चेहरा मला बघवेना.

"तिकीट रद्द करते मी," ती म्हणाली. मग आईकडे बघितलं. "पण मग तिला कळेल, मला कळलंय ते."

"हो."

"ते तिला सहन नाही व्हायचं."

"नाही."

"आणि गेले तर? तू एकटी, मावशी?"

आता खरं सांगते. मला ओरडून सांगायचं होतं, जाऊ नकोस. काल ती काडी हातात घेऊन तिने मला विचारलं, कसल्या गं या, त्यानंतर रात्रभर मला झोप नाही. परवा तिने गॅस सुरू केला आणि काडी न लावताच निघून गेली. माझा गुडघा जिना चढताना दगा देतो. उद्या ती मलाच विचारेल, तू कोण, तेव्हा मी काय करणार आहे? मला भीती वाटते, ढमे. हे सगळं जिभेवर आलं होतं.

"अगं, कापा की केक!" ताई खुर्चीतून ओरडली. "लोक ताटकळलेत!" आणि आनंदाने हसली, शेजारच्या बाईंकडे वळून सांगू लागली, "टेकूच विसरली होती..."

ढमीने सुरी दोन्ही हातांत धरली. तिची नजर केककडे नव्हती, माझ्याकडे होती.

"टेकू?" तिने हळूच विचारलं.

"दिले," मी म्हणाले.

आईला केकपाशी आणायला ती निघाली. मागे वळून बघितलं नाही तिने.