करंगळीची हद्द

भावजयीनं उजवा पाय पेडलवर ठेवला आणि ताईंच्या श्वासाकडे कान लावला. ताईंनी नाकानं श्वास ओढला की सुरुवात करायची, अशी दोघींची जुनी पद्धत होती. ताईंनी श्वास ओढला आणि पियानोवर चार हात एकदम खाली आले.

एकाच बाकावर बसून दोघींनी वाजवायची ती रचना होती. उजवीकडे ताई, त्यांच्याकडे वरचे सूर आणि सगळं कौतुक. डावीकडे भावजय, तिच्याकडे खालचे सूर, पेडल आणि बोलणी. कोर्टातली टायपिस्टची नोकरी संपल्यावर ताईंनी हा जुना पियानो विकत घेतला, धाकट्या भावाच्या बायकोला ओढून शेजारी बसवलं आणि दोघी चिकाटीनं शिकल्या. वाचनालयाच्या हॉलमध्ये दर वर्षी हौशी वादकांची एक संध्याकाळ व्हायची. गेल्या वर्षी दोघींनी तिथं वाजवलं होतं आणि यंदाची संध्याकाळ जवळ आली होती.

भावजय सकाळपासून रुग्णालयाच्या लॅबमध्ये लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्ताच्या शिरा शोधत होती. पाठीचं लाकूड झालं होतं. डोळे मिटले की लगेच झोप लागली असती. पण ताईंनी सरावाला बोलावलं आणि ती आली नाही, असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या पानावर ती जागा आली. तिथं ताईंचा डावा हात आणि भावजयीचा उजवा हात अगदी खेटून चालतात. ताईंची डावी करंगळी पट्टीवर टेकली, पण पट्टी दबली नाही. भावजयीची करंगळी आपली हद्द ओलांडून पलीकडे गेली, ती पट्टी दाबून परत आली. सूर हवा तेव्हा वाजला. ताईंची नजर समोरच्या पानावर होती.

गेल्या उन्हाळ्यात असा पहिला सूर गळला, तेव्हा कुणाचा पडलेला रुमाल उचलून द्यावा तसा तिनं तो उचलून दिला होता. मग सवयच झाली. ताईंची करंगळी आणि शेजारचं बोट हळूहळू तळहाताकडे वळत गेलं, आणि भावजयीच्या उजव्या हाताला दोन घरची धुणीभांडी लागली. कधी दोन्हीकडे पोचणं जमलं नाही की तिचा स्वतःचा सूर राहून जायचा. आजही शेवटच्या पानावर तसंच झालं.

"खालचा सूर खाल्लास," ताई म्हणाल्या.

"चुकलंच माझं."

"सुई टोचतानाही असंच लक्ष असतं का गं तुझं?"

"तिथं चुकलं की माणूस ओरडतं, ताई. त्यामुळे लक्ष राहतं."

ताई खळखळून हसल्या. भाऊ चष्म्याचं दुकान बंद करून नुकताच आला होता. तो चहाचे कप घेऊन आत आला आणि दोघींच्या हातात देत म्हणाला, "हाताच्या डॉक्टरकडे गेली होतीस ना, ताई? काय म्हणाला?"

"काय म्हणणार? कात्री लावू या म्हणाला. आत्ता ऑपरेशन केलं तर बोटं सरळ होतील, उशीर झाला तर सांगता येत नाही म्हणे." ताईंनी चहाचा घोट घेतला. "मग विचारलं, कामात कुठं अडतं का? म्हटलं, अहो, मी चार हातांचा पीस वाजवते, एक सूर सुटत नाही. हवं तर माझ्या भावजयीला विचारा, तुमच्याच लॅबमध्ये आहे. तेव्हा नरमला. म्हणाला, तसं असेल तर घाई नको, बघू पुढे."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," भाऊ म्हणाला. "तुझी तर आपोआप झाकली जातेय."

ताईंनी त्याला रिकामा कप मारायचा आविर्भाव केला. तो हसत कप गोळा करून आत गेला.

डॉक्टरांच्या तोंडचं 'बघू पुढे' भावजय रोज ऐकत होती, आणि पुढे काय बघायला मिळतं तेही तिला ठाऊक होतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. सरळ सांगून टाकावं, असं तिला वाटलं. पण ताईंनी जन्मभर कोर्टात लोकांच्या जबान्या टाइप केल्या होत्या. नुसत्या सांगण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. शिवाय सांगायचा धीरही तिला नव्हता.

"पुन्हा एकदा घेऊ या, ताई."

"अगं, दमलेली दिसतेस."

"दमलेच आहे. म्हणून म्हणते, घेऊ या."

ताईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, पानं मागे उलटली आणि श्वास ओढला.

या वेळी भावजयीनं फक्त आपलं वाजवलं. ते सोपं नव्हतं. दुसऱ्या पानावर तिची करंगळी आपण होऊन उचलली गेली, ती तिनं दामटून जागेवर ठेवली. सूर वाजायचा तिथं काहीच वाजलं नाही. ताईंच्या कपाळाला आठी पडली, पण त्या पुढे गेल्या. पुढच्याच ओळीत पुन्हा तेच झालं, मग लागोपाठ दोनदा. ताई थांबल्या.

"ही पट्टी अडकतेय बघ. दमट हवेनं फुगली असणार."

त्यांनी उजव्या हाताच्या बोटानं ती पट्टी दाबली. सूर स्वच्छ वाजला. शेजारची दाबली, तीही वाजली. मग त्यांनी डावी करंगळी आणून त्याच पट्टीवर ठेवली आणि जोर दिला. बोट कडेला कलंडलं. पट्टी जेमतेम हलली.

आतल्या खोलीत भाऊ कप विसळत होता. ताईंनी पुन्हा जोर देऊन पाहिला.

"कधीपासून?"

"गेल्या उन्हाळ्यापासून."

"म्हणजे हॉलमध्ये वाजवलं तेव्हाही?"

"तेव्हा थोडेच होते."

"आणि मी तुलाच बोलत होते. सूर खाल्लास म्हणून."

भावजयीनं पेडलवरचा पाय काढून घेतला. "मला वाटलं, तुम्हाला कळलं तर वाजवणं सोडून द्याल."

"सोडायचं की नाही, ते माझं मला ठरवू द्यायचं होतंस."

ताईंचा आवाज जराही चढला नव्हता. त्या ओरडल्या असत्या तर भावजयीला बरं वाटलं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दिवसभराच्या थकव्यानं ते थांबवताही येईना, तेव्हा तिनं ते तसंच वाहू दिलं.

ताईंनी पानं पहिल्यापर्यंत मागे नेली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"आता फक्त तेवढे वाजव."

"कुठले, ताई?"

"तू वाजवत होतीस ते. माझे. बाकीचं मी मनात धरते."

भावजयीनं बाही डोळ्यांना लावली आणि करंगळी पुढे केली. ताईंनी श्वास ओढला. पहिलं पान नुसतंच गेलं. दुसऱ्या पानावर एक सूर वाजला, मग बऱ्याच वेळानं दुसरा. ताई उजव्या हातानं गुडघ्यावर ताल धरत होत्या आणि वेळ आली की तोच हात उचलून पान उलटत होत्या. मूठभर सूर असतील, असं भावजयीला वाटत होतं. एकेक करून सुचतील तसे दाबलेले. त्यांचा हिशेब तिनं कधी केला नव्हता. पण तिसऱ्या पानापासून ते दाट होत गेले आणि चौथ्यावर तर मधे श्वास घ्यायलाही जागा राहिली नाही. झाकायला आजूबाजूला दुसरे सूर नव्हते. तिला थांबावंसं वाटलं, पण गुडघ्यावरचा ताल चालूच होता.

भाऊ हात पुसत दारात येऊन उभा राहिला.

"हे नवीन काय काढलंत?"

"जुनंच आहे," ताई म्हणाल्या. "ऐक."

शेवटचं पान संपलं तेव्हा बाहेरचे दिवे लागले होते. ताईंनी वळलेली दोन बोटं दुसऱ्या हातानं धरून हळूच सरळ करून पाहिली. ती अर्धवटच उघडली.

"सोमवारी तुझी ड्यूटी किती वाजता सुटते?"

"दोनला."

"मग मी लॅबच्या बाहेर येऊन बसते. तू डॉक्टरांकडे आत चल माझ्याबरोबर. मला एकटीला भीती वाटते गं."